शिल्लक

सकाळी साडेनऊला मी कपाट उघडते.
पत्र्याचं, उत्तरेच्या भिंतीला टेकवलेलं,
तिथं ऊन पोचत नाही म्हणून.
एसीचा प्रस्ताव तिसऱ्यांदा परत आलाय, शेरा मारून:
गरज स्पष्ट करावी.
आत थर्मामीटर. आज एकोणतीस.
तीसपर्यंत औषध तग धरतं.
मेच्या दुपारी मी ओला पंचा पिळून कपाटाच्या दारावर टाकते,
ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

नॅलॉक्सोन, एक मिलीच्या काचेच्या कुप्या.
कालची शिल्लक बेचाळीस.
जुन्या पुढं, नव्या मागं.
आईनं तांदळाच्या डब्यांत जन्मभर हेच केलं.

मी रस्त्यावर जात नाही.
हे आधीच सांगितलेलं बरं,
कारण लोक मला ताई म्हणतात, हात जोडतात.
मी तक्ता लावते.
रे रोडच्या पुलाखाली मुनव्वर आणि विल्सन.
दारूखान्यात, भंगाराच्या गल्ल्यांत, शेवंता
आणि ज्याचं नाव सगळे विसरतात तो दिगंबर.
एकट्यानं कुणी जायचं नाही.
चौकीचं पत्र लॅमिनेट करून गळ्यात,
तरी आठवड्याला एक फोन येतोच:
या सिरिंजा कुणाच्या?
आमच्या, साहेब.
हे म्हणताना मी खुर्चीतून उठून उभी राहते,
का कोण जाणे.

फॉर्म नंबर सात.
वेळ, ठिकाण, ओठांचा रंग,
श्वास मिनिटाला किती,
दुसरी कुपी लागली का.
शेवटचा रकाना: प्रतिसाद.
शेवंता लिहिते, रकान्याबाहेर अक्षर न जाऊ देता:
"उठला. आईवरून शिवी दिली.
म्हणाला, दोनशे रुपये मातीत घातलेस.
मी म्हटलं, उद्या सेंटरवर ये, भांडू."
असे फॉर्म मी दोनदा वाचते.
शिवी द्यायला छातीभर हवा लागते.

दिगंबरनं एकदा तो रकाना मोकळा ठेवला.
कॉम्प्युटर मोकळा रकाना घेत नाही.
मी एक आडवी रेघ मारली. त्यानं ती घेतली.

आज मोजल्या तर एक्केचाळीस.
पुन्हा मोजल्या. ट्रे उलटा केला,
कापसाचं बंडल सोडून पाहिलं.
एक्केचाळीस.

साडेअकराला विल्सन आला, बसला नाही.
"माझ्याकडे आहे," म्हणाला,
"घरी. क्रूसाखालच्या फळीवर, मेणबत्त्यांच्या खोक्यात."
पुढं काही बोलला नाही.

त्याचा धाकटा, ॲश्ली,
मागच्याच महिन्यात इथं झेरॉक्स काढायला आला होता.
एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट.
मला वाटलं, फॅशन.
मी, जी दर पंधरवड्याला नव्या पोरांना शिकवते
कुठं बघायचं, काय बघायचं.

साठा घरी नेता येत नाही.
नियम क्रमांक चार. मीच टाईप केलाय.

रजिस्टर ओढलं.
तारीख, बॅच. कारणाच्या रकान्यात लिहिलं:
फुटली.
मग कपाटातून अजून एक काढली, दोन सिरिंजा,
वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिल्या.
"एकीनं भागत नाही कधीकधी."
आणि एकचं दोन केलं. फुटल्या: दोन.
ऑडिटवाला विचारेल. विचारू दे.
काच आहे, साहेब.

"दिवसा घरी कोण असतं?"
"रेमी."
"तिला उद्या घेऊन ये. मान कशी मोडायची ते दाखवते."
तो दचकला.
"कुपीची रे."
तेव्हा कुठं तो बसला,
आणि बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत राहिला.

तो गेल्यावर सरावाची, पाण्याची एक कुपी घेतली.
इतक्या वर्षांत मी हजारो मोजल्या,
मोडली एकही नव्हती.
ठिपका आपल्याकडं, अंगठा वर, मागं झटका.
पहिल्या खेपेला चुरा झाला.
दुसरी नीट तुटली, टक् करून,
शेंगेसारखी.

शिल्लक चाळीस.
काटा तीसवर.
पंचा भिजवायला उठले.